पंडिता रमाबाई : शारदासदनाचे उघडे दार

महाराष्ट्रातील स्त्रीशिक्षणाचा इतिहास सांगताना महात्मा फुले, सावित्रीबाई, महर्षी कर्वे ही नावे आपण मोकळेपणाने घेतो. पंडिता रमाबाईंचे नाव आले की मात्र आवाज थोडा खाली येतो. बाई विदुषी होत्या, कामही डोंगराएवढे केले, पण... असे म्हणून बोलणारा थांबतो. त्या 'पण'च्या पुढचे सर्वांना ठाऊक असते. रमाबाई ख्रिस्ती झाल्या आणि ज्या विधवांना, अनाथ मुलींना त्यांनी आसरा दिला त्यांच्यातल्याही पुष्कळजणी ख्रिस्ती झाल्या.

मानसशास्त्र हा माझा अभ्यासाचा विषय आहे. समुपदेशनावरील प्रकरणात एक तत्त्व आम्हांला शिकवतात. दुःखात सापडलेला माणूस आपल्यासमोर येऊन बसला की आपली मते, आपली मूल्ये, आपला धर्म त्याच्यावर लादू नये. परीक्षेसाठी मी ते पाठ केले होते. रमाबाईंचे चरित्र वाचताना हेच तत्त्व मला एका घराच्या दारात उभे असलेले दिसले. आणि पुस्तकात वाटते तितके ते सोपे नाही, हेही दिसले. ज्याच्या श्रद्धेनेच त्याला सेवेला लावले आहे, त्याने ती श्रद्धा चपलांसारखी बाहेर काढून ठेवून आत यावे काय? आणि आत आलेल्या निराधार मुलीला ती श्रद्धा नाकारण्याची खरोखर मोकळीक असते काय? हे दोन प्रश्न धरूनच मी रमाबाईंचे आयुष्य येथे सांगणार आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, सह्याद्रीच्या रानात गंगामूळ येथला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे जुन्या वळणाचे वेदशास्त्रसंपन्न ब्राह्मण. परंतु आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, त्यांनी संस्कृत शिकवले. त्यापायी लोकांचा रोष झाला तेव्हा सरळ रानात बिऱ्हाड केले. पुढे कुटुंब तीर्थयात्रेला निघाले ते कायमचे. देवळात, घाटावर, धर्मशाळेत पुराण सांगायचे आणि श्रोते देतील त्यावर निर्वाह करायचा. रमाबाई भागवत शिकल्या त्या आईच्या तोंडून, पहाटेच्या अंधारात. दिवसभर चालून थकलेली ती माउली भल्या पहाटे मुलीला उठवून श्लोक म्हणून घेत असे. ज्या काळात मुलीच्या हातात पाटी दिली तर नवरा मरतो असे म्हणत, त्या काळातली ही गोष्ट आहे.

मग मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. हात पसरणे आणि मोलमजुरी करणे या दोन्हींची लाज वाटणाऱ्या त्या विद्वान कुटुंबावर उपासमारीची पाळी आली. वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. उरले रमा आणि भाऊ श्रीनिवास. दोघे भाऊबहीण उत्तरेकडे पायी निघाले. पंजाबात झेलम नदीच्या काठी थंडीपासून बचाव व्हावा म्हणून वाळूत खड्डे करून त्यांत अंग पुरून घ्यावे, रानातील फळे बियांसकट खावीत, असे दिवस त्यांनी काढले. व्रते केली, दाने दिली, देवांना नवस केले, तरी अन्न मिळाले नाही. त्यांचा जुना विश्वास येथेच ढासळू लागला. पुढे विलायतेतल्या पाद्र्यांनी बाईला फूस लावली असे पुष्कळांनी म्हटले. त्यांनी झेलमकाठचे हे खड्डे विसरू नयेत.

१८७८ साली दोघे कलकत्त्यास पोचली. वीस वर्षांची एक मुलगी अस्खलित संस्कृत बोलते हे पाहून तेथील पंडित चकित झाले. 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या तिला तेथे मिळाल्या. १८८० मध्ये श्रीनिवास वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. जात वेगळी, भाषा वेगळी. १८८१ च्या एप्रिलात मुलगी झाली, तिचे नाव मनोरमा. आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीच्या आजाराने बिपिनबाबू गेले. तेविसाव्या वर्षी रमाबाई विधवा झाल्या. आता त्यांच्याजवळ एक तान्ही मुलगी आणि डोक्यातले हजारो श्लोक, एवढेच होते.

त्या पुण्यास आल्या. न्यायमूर्ती रानडे आणि इतर सुधारकांनी स्वागत केले. 'आर्य महिला समाज' निघाला, 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक निघाले, हंटर आयोगापुढे साक्ष झाली. या देशातील स्त्रियांना स्त्री डॉक्टर व स्त्री शिक्षिका मिळाल्या पाहिजेत असे त्यांनी आयोगाला सांगितले. आपणही डॉक्टर व्हावे या हेतूने १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. बरोबर लहानगी मनोरमा आणि आनंदीबाई भगत ही मैत्रीण होती.

येथून पुढचा भाग माझ्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून जरा सावकाश सांगते.

वाँटेज या गावी सेंट मेरी संघाच्या ख्रिस्ती भगिनींनी या तिघींना आपल्याकडे ठेवून घेतले. धर्मांतर करणार नाही, असे रमाबाईंनी निघण्यापूर्वी लोकांना सांगितले होते. तेथे असताना भगिनींनी त्यांना लंडनमधील फुलॅम येथला आपला आश्रम दाखवला. समाजाने ज्यांना पतित म्हणून टाकून दिले होते अशा स्त्रिया तेथे राहत. त्यांना कोणी हिडीसफिडीस करीत नव्हते. त्यांच्या जखमा बांधल्या जात होत्या, त्यांना काम शिकवले जात होते, आणि हे सर्व करणाऱ्या बायका कुलीन घरांतल्या होत्या. रमाबाईंनी हे आयुष्यात प्रथमच पाहिले. तुम्ही यांची काळजी का घेता, असे त्यांनी विचारले. तेव्हा भगिनींनी त्यांना विहिरीवर पाणी भरायला आलेल्या शोमरोनी स्त्रीची आणि येशूची गोष्ट सांगितली. ती स्त्री बदनाम होती, परजातीची होती, आणि येशू तिच्याशी बोलला होता.

रमाबाईंच्या श्रद्धेचा उगम असा आहे. आधी त्यांना सेवा दिसली आणि त्या सेवेमागे काय आहे हे विचारताना धर्म सापडला. म्हणून श्रद्धा आणि शुश्रूषा या त्यांच्या मनात दोन वेगळ्या वस्तू कधी झाल्याच नाहीत. पुढच्या सगळ्या वादाचे मूळ मला येथे दिसते.

पण त्याच वाँटेजमध्ये आणखी एक गोष्ट घडली. ती सांगताना चरित्रकार घाई करतात. आनंदीबाई भगत यांनी तेथे आत्महत्या केली. परका देश, परके लोक, धर्म सोडावा लागेल की काय ही धास्ती, यांनी त्यांच्या मनाचा तोल गेला. आजच्या भाषेत बोलायचे तर तेथे एक माणूस मानसिक संकटात होते, आजूबाजूला दयाळू आणि श्रद्धाळू लोक होते, आणि तरी ते वाचले नाही. त्यानंतर लवकरच, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. या दोन घटना शेजारीशेजारी वाचल्या की मी प्रत्येक वेळी अडखळते. चांगुलपणानेसुद्धा माणसावर दडपण येऊ शकते हे रमाबाईंइतके जवळून कोणी पाहिले असेल?

आणि त्या स्वतः दडपणाला मुळीच वाकल्या नाहीत. त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला तो म्हणजे एक दीर्घ भांडणच आहे. चर्च सांगते म्हणून मानायचे, हे त्यांना पटेना. बिशपांनी सांगितले की चेल्टनहॅमच्या कॉलेजात यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवणे बरे नव्हे. रमाबाई संतापल्या. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे नकोत, संस्कृत हवीत, असा हट्ट त्यांनी धरला. मांसाहार केला नाही तो नाहीच. एका धर्मगुरूंच्या जोखडातून सुटले ते दुसऱ्यांच्या जोखडात मान देण्यासाठी नव्हे, हा त्यांचा एकूण रोख होता. डॉक्टर होण्याचे स्वप्न मात्र बुडाले, कारण त्यांना ऐकू कमी येऊ लागले होते. हजारो दुःखी स्त्रियांचे ऐकून घेणारी ही बाई कानांनी अधू होती, ही नियतीची थट्टाच म्हणायची.

१८८६ मध्ये त्या अमेरिकेस गेल्या, आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी. ती तारीख होती ११ मार्च. तेथे त्यांनी बालोद्यान पद्धतीचा अभ्यास केला, गावोगाव व्याख्याने दिली आणि १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. त्यातून बोस्टनला 'रमाबाई असोसिएशन' स्थापन झाली. भारतात विधवांसाठी शाळा काढावी आणि दहा वर्षे तिचा खर्च असोसिएशनने द्यावा असे ठरले. अट एकच होती की शाळेत धर्माचे शिक्षण द्यायचे नाही. कोणाचाही धर्म बदलण्याचा प्रयत्न होणार नाही आणि प्रत्येकीला आपापले आचार पाळता येतील. रमाबाईंनी हे मान्य केले.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणजे गोदूबाई, आठव्या वर्षी विधवा झालेली देवरुखची मुलगी. भाऊ नरहरपंत जोशी यांनी तिला आणून घातले. सदनात ब्राह्मण मुलींसाठी सोवळ्याओवळ्याची सोय होती. केशवपन झालेल्या मुलींनी केस वाढवावेत, बागेत फुले तोडावीत, हसावे, मोठ्याने वाचावे, एवढ्यासाठी तो वाडा होता. घरी ज्यांचे तोंड सकाळी पाहणे अशुभ मानत त्या मुलींना येथे कोणी सकाळीच हाक मारून जवळ बसवत असे. समुपदेशन हा शब्द तेव्हा कोणाला माहीत नव्हता. पण माणसाला पुन्हा माणसात आणणे हे जर त्या विद्येचे काम असेल तर ते येथे रोज चालले होते.

आता दाराची गोष्ट. १८९१ च्या सुमारास रमाबाईंच्या धर्मजीवनात बदल झाला. आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण ख्रिस्त आपल्याला सापडला नाही, असे त्यांना वाटू लागले होते. एका इंग्लिश धर्मोपदेशकाचे आत्मचरित्र वाचून त्यांच्या मनाला निराळीच शांती लाभली. त्या आपल्या खोलीत मनोरमेला घेऊन बायबल वाचीत, प्रार्थना करीत. खोलीचे दार उघडे असे. बाहेरून येणाऱ्याजाणाऱ्या मुली ते पाहत. मग एक आत येऊन बसू लागली, मग दुसरी. रमाबाईंनी कोणाला बोलावले नाही, आणि कोणाला जा म्हटलेही नाही.

पुण्यात गहजब झाला. 'केसरी'ने झोड उठवली. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर या सल्लागारांनी संबंध तोडला आणि पंचवीसच्या आसपास मुलींना पालकांनी सदनातून काढून नेले.

रमाबाईंची बाजू अगदीच सोडून देण्यासारखी नव्हती. हिंदू गृहिणी आपल्या घरात देवपूजा करते तेव्हा दार लावून घेत नाही. मग आपणच आपल्या खोलीत चोरासारखी प्रार्थना का करावी? इतर मुलींना त्यांच्या पूजाअर्चेची मोकळीक होतीच. उलट बाजूही तितकीच खरी आहे. शब्द दिला होता तो धर्म न शिकवण्याचा. ज्या मुलीला बाहेर जग नाही, माहेर नाही, सासर नाही, आणि जिचे सारे प्रेम एका बाईवर जडले आहे, तिला त्या बाईच्या खोलीचे उघडे दार नुसते दार वाटत नाही. तिला ते आमंत्रण वाटते. आमचे प्राध्यापक सांगतात की सल्ला घेणारा आणि देणारा समान पातळीवर बसलेले नसतात, म्हणून देणाऱ्यावर जबाबदारी जास्त. या कसोटीला रमाबाई पूर्ण उतरल्या असे मला म्हणवत नाही. वाँटेजमध्ये आनंदीबाईंचे जे झाले ते पाहिलेल्या बाईने हे अधिक जपायला हवे होते.

पण मग मला टीकाकारांनाही विचारावेसे वाटते, त्या पंचवीस मुलींना तुम्ही नेले कोठे? धर्म वाचवण्यासाठी ज्या घरी त्यांना परत नेले, तेथे पुन्हा न्हावी, पुन्हा अलवण, पुन्हा मागीलदार हेच त्यांच्यापैकी कित्येकींच्या वाट्याला आले असणार. त्या घरांतही धर्म लादलेलाच होता. ते लादणे कोणाला लादणे वाटत नव्हते, एवढाच फरक. महात्मा फुल्यांनी १८८५ सालीच 'सत्सार'मध्ये रमाबाईंच्या धर्मांतराची बाजू घेतली होती. हे त्यांनाच सुचावे यात नवल नाही.

एक गोष्ट मात्र उघड्या दाराच्या बाजूने साक्ष देते. गोदूबाई चार वर्षे रमाबाईंच्या छायेत राहिल्या आणि ख्रिस्ती झाल्या नाहीत. ११ मार्च १८९३ रोजी त्यांचा पुनर्विवाह धोंडो केशव कर्वे यांच्याशी झाला आणि त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. रमाबाईंनी या लग्नाला आडकाठी केली नाही, कौतुकच केले. आपण ज्यांना बाया कर्वे म्हणून ओळखतो त्या याच. पुढे महर्षींनी १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला तो हिंदू समाजाला रुचेल अशा रीतीने. शारदासदनाच्या वादातून त्यांनी हा धडा घेतला असावा. म्हणजे हिंगण्याच्या मुळाशीही त्या दाराची थोडी हवा आहेच.

यानंतरच्या रमाबाई वेगळ्या आहेत. १८९५ मध्ये सदनातील काही मुलींनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा उरलासुरला आडपडदाही गेला. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. ज्या बाईने स्वतः वाळूत अंग पुरून रात्र काढली होती ती पुण्यात बसून राहणे शक्य नव्हते. त्या स्वतः गेल्या आणि सुमारे तीनशे मुली घेऊन आल्या. सांगाडे झालेल्या, उवांनी भरलेल्या, काही पळवणाऱ्यांच्या हातून सोडवलेल्या. याच सुमारास पुण्यात प्लेग आला आणि मुलींना शहरात ठेवता येईना. केडगावला घेऊन ठेवलेल्या माळावर तंबू, झोपड्या उभ्या राहिल्या. प्लेगच्या छावणीत आपल्या एका मुलीची जी दुर्दशा झाली तिच्याबद्दल रमाबाईंनी इंग्रजी वृत्तपत्रात सरकारवर उघड टीका केली. गोऱ्यांच्या ताटाखालचे मांजर असती तर ती बाई हे कशाला लिहिती?

१८९८ मध्ये बोस्टनच्या संस्थेची दहा वर्षे संपली, आणि धर्मनिरपेक्षतेची अटही संपली. केडगावचे 'मुक्तिसदन' उघडपणे ख्रिस्ती झाले. मला वाटते, रमाबाईंच्या मनाला येथे मोकळा श्वास मिळाला. आता दिलेल्या शब्दात आणि आतल्या श्रद्धेत ओढाताण नव्हती. येणाऱ्याला हे घर कोणाचे आहे ते दारातच कळत होते. (कळत होते खरे, पण दुष्काळातल्या आठ वर्षांच्या मुलीला कळून उपयोग काय, हा प्रश्न राहतोच.) १९०० च्या गुजरातमधील दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. विहिरी खोदल्या, शेती, गोठा, तेलघाणा, विणकाम, शिवणकाम, छापखाना. पुरुषांची म्हणून समजली जाणारी कामे मुली करू लागल्या. 'कृपासदन' हे फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी, फुलॅममध्ये पाहिलेल्याची ही मराठी आवृत्ती. आंधळ्या मुलींसाठी वेगळी सोय होती आणि त्यांना ब्रेल लिपी शिकवण्याचे काम मनोरमाबाईंनी अंगावर घेतले.

जळगावहून मनमाड-दौंडमार्गे पुण्यास जाणारी गाडी दौंड सोडल्यावर थोड्याच वेळात केडगाव स्टेशनातून जाते. आपल्यापैकी कितीजण त्या मार्गाने गेले असतील आणि कितीजणांनी खिडकीतून मान वळवली असेल, कोण जाणे.

१९०५ साली केडगावला जे घडले त्याविषयी लिहिताना मी जरा बिचकते. त्या जूनपासून तेथे प्रार्थनेची लाट उसळली. शेकडो मुली एकदम मोठमोठ्याने रडू लागल्या, आपली पापे बोलून दाखवू लागल्या, तासन् तास प्रार्थना करू लागल्या. भाविकांच्या मते हा पवित्र आत्म्याचा वर्षाव. आमच्या पुस्तकातले समूहमनाचे प्रकरण याला दुसरे नाव देईल. मला दोन्हींपेक्षा एक साधी गोष्ट सुचते. या मुलींनी आईबाप डोळ्यांदेखत उपाशी मेलेले पाहिले होते. त्यानंतर त्यांना अन्न मिळाले, वस्त्र मिळाले, अक्षरे मिळाली, हाताला काम मिळाले. मोकळेपणाने रडायला मात्र कदाचित तेव्हाच मिळाले असेल. एकटी रडली असती तर तिला कोणीतरी गप्प केले असते. सगळ्याच रडत होत्या म्हणून कोणी कोणाला गप्प केले नाही.

आपल्याकडे खानदेशात मनाने खचलेला माणूस कोणाकडे जातो ते आठवून पाहा. तो भगताकडे जातो, दर्ग्यावर जातो, चैत्रात सप्तशृंगीच्या गडाला पायी निघतो, कीर्तनाला बसतो. नवापूरकडे चर्चमध्येही जातो, आणि शरीराच्या दुखण्यासाठी चिंचपाड्याच्या ख्रिस्ती रुग्णालयात जातो. समुपदेशक हा शब्द आमच्या घरात मीच प्रथम नेला, आणि आजीला त्याचा अर्थ सांगताना मला पुष्कळ वेळ लागला. म्हणजे आमच्या लोकांचे दुःख आजवर ज्याने ज्याने ऐकले त्याच्या हातात अंगारा तरी होता, माळ तरी होती किंवा क्रूस तरी होता. श्रद्धा वगळून ऐकणारा माणूस ही आम्हांला नवी गोष्ट आहे. तिकडे पाश्चात्त्य देशांतही ती फार जुनी नाही. ज्यांच्या नावाने आम्ही व्यक्तिकेंद्रित समुपदेशन शिकतो ते कार्ल रॉजर्स आधी धर्मोपदेशक होण्यासाठी न्यूयॉर्कच्या धर्मविद्यालयात दाखल झाले होते. १९२२ साली ते ख्रिस्ती विद्यार्थ्यांच्या जागतिक परिषदेसाठी चीनमध्ये गेले, आणि पुढे त्या वाटेवरून मानसशास्त्राकडे वळले. अँटन बॉयसेन नावाचे दुसरे एक धर्मोपदेशक स्वतः मनोरुग्णालयात राहून आले आणि १९२५ मध्ये त्यांनी वूस्टरच्या मनोरुग्णालयात धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना रुग्णांजवळ बसून शिकण्याची प्रथा सुरू केली. आज अमेरिकेतील समुपदेशकांच्या आचारसंहितेत आपली मूल्ये लादू नयेत असे स्पष्ट आहे. आपल्याकडील २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार उपचार देताना धर्माच्या, जातीच्या कारणाने भेद करता येत नाही. रमाबाईंच्या काळी असा कागद कोठेच नव्हता. होता तो एक शब्द, बोस्टनला दिलेला, आणि एक उघडे दार.

रुग्णाच्याच अंगी श्रद्धा असेल तर ती समजून घ्यावी, तिचा आधार घ्यावा, पण आपली श्रद्धा त्याने विचारल्याखेरीज पुढे करू नये, असे आता सांगतात. मला हे पटते. पण रमाबाईंकडून श्रद्धा काढून घेतली असती तर त्या दुष्काळात मध्य प्रांतात गेल्या असत्या काय, हे मी स्वतःला विचारते तेव्हा गप्प बसावे लागते.

शेवटची पंधराएक वर्षे रमाबाईंनी एका कामात घातली. त्यांच्या मते मराठी बायबलची भाषा फार अवघड होती, संस्कृत शब्दांनी लादलेली होती. केडगावच्या मुलींना, कुणबिणींना, मोलकरणींना ते वाचून कळले पाहिजे. भागवत मुखोद्गत असलेल्या या पंडितेने आपले सगळे संस्कृत बाजूला ठेवले आणि साध्या मराठीत भाषांतर सुरू केले. त्यासाठी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकल्या. खिळे जुळवणाऱ्या, छापणाऱ्या, पाने घडी करणाऱ्या सगळ्या आश्रमातल्याच मुली.

१९१९ मध्ये सरकारने कैसर-इ-हिंद पदक दिले. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई वारल्या. वाँटेजला आईचे बोट धरून गेलेली, उघड्या दाराच्या आत आईजवळ बसून प्रार्थना करणारी, केडगावचा भार उचलणारी ती एकुलती एक मुलगी. त्यानंतरही रमाबाई भाषांतराची पाने तपासत राहिल्या. काम पुरे झाले, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी, चौसष्टावे वर्ष पुरे व्हायला काही दिवस असताना, झोपेतच त्यांचे देहावसान झाले. केडगावचे मुक्तिसदन त्यांच्यामागे चालू राहिले.